वजीर द्यायची घाई: भाच्याला कसं शिकवू?

डिचोलीची मावशी
नमस्कार मंडळी. माझा भाचा सातवीत आहे. २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला तेव्हापासून त्याच्या डोक्यात बुद्धिबळाशिवाय काही नाही. मोबाईलवर ‘इतक्या चालींत मात करा’ अशी कोडी धडाधड सोडवतो. पण पट नीट बघायच्या आधीच वजीर उचलून राजाशेजारी ठेवतो आणि बऱ्याचदा उत्तर बरोबरही येतं! ‘मग पुढे काय?’ विचारलं तर म्हणतो, ‘मारेल ना तो.’ शाळेच्या स्पर्धेत असाच वजीर दिला. समोरच्या मुलीने तो शांतपणे घेतला आणि डाव तिथेच आटोपला. मला चाली कळतात, शिकवता येत नाही. त्याला थांबवू का?

फोंड्याचा उंट
ताई, मुळीच थांबवू नका. वजीर सोडायला धीर लागतो आणि तो त्याच्याकडे आहे. फक्त मोबाईल बाजूला ठेवून खरा पट मांडा. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.)

पांढरे: राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळे: राजा एच८, वजीर बी२, हत्ती ए८, प्यादी जी७, एच७. खेळी पांढऱ्याची, चार चालींत मात. इथे उसंत नाही. राजाला पळवाट न करता पांढरा एक चाल जरी साधी खेळला, तरी काळा हत्ती ए१वर शह देतो आणि पांढऱ्याचा वजीर जातोच.

घोडा एफ७, शह. राजाला जी८ हे एकच घर. आता घोडा एच६: घोड्याचाही शह, वजिराचाही. जी७चं प्यादं घोड्याला मारू शकतं असं वाटेल, पण मारलं तरी वजिराचा शह उरतोच, म्हणून राजालाच हलावं लागतं. तो एफ८वर गेला तर वजीर एफ७, तिथेच मात. म्हणून तो परत एच८वर. आता वजीर जी८! राजा घेऊ शकत नाही, कारण एच६चा घोडा त्या घरावर नजर ठेवून आहे. हत्तीला घ्यावंच लागतं. मग घोडा एफ७, मात. राजाच्या तिन्ही घरांत त्याचेच हत्ती आणि प्यादी.

भाच्याला एकच नियम घाला: वजिराला हात लावण्याआधी शेवटचं चित्र तोंडी सांगायचं. राजा कुठे, त्याची घरं कुणी अडवली, शह कोण देतं. आणि ‘मारेल ना’ चालणार नाही. ‘नाही मारलं तर?’ याचंही उत्तर हवं. एफ८ची वाट त्याने स्वतःहून सांगितली तर समजा पोरगा तयार होतोय.

मडगावकर
फोंड्याच्या उंट सरांशी सहमत. त्यात एक भर. कोड्यात मात आहे हे आधीच माहीत असतं, तिथेच मुलं फसतात. डावात कुणी सांगत नाही. म्हणून मी मुलांना मधूनमधून असे पट देतो जिथे बळी देऊन काहीच मिळत नाही, साधी बचावाची चालच बरोबर असते. सुरुवातीला चिडतात, पण मग मोजायला लागतात.

आणि अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा १८५८चा पॅरिसमधला डाव दाखवाच. सोळाव्या चालीला वजीर बी८वर. काळ्या घोड्याला तो मारावाच लागतो, डीची उभी रांग मोकळी होते आणि पुढच्याच चालीला हत्ती डी८, मात. राजा आणि प्यादी सोडली तर पांढऱ्याकडे एक हत्ती आणि एक उंट, बस्स. मी हा डाव कितीही वेळा लावला तरी अंगावर काटा येतो.

डिचोलीची मावशी
दोघांचेही खूप आभार. सरांचा पट रात्री जेवण झाल्यावर मांडला. पठ्ठ्याने आधी घोडा सोडून वजीरच जी८वर ठेवला. मी म्हटलं, राजा घेतोय बघ. मग बराच वेळ गप्प बसला. दुहेरी शह त्याचा त्यालाच सापडला, एफ८ची वाट मात्र मला विचारावी लागली. मडगावकर, बळी चालत नाही असे दोन-तीन पट इथे टाकाल का? सातवीच्या मुलाला झेपतील असे.