फॅमिली ग्रुप: ख्रिस्ती संपली, आता पुढे काय?

सोनू: पोयरो या डिटेक्टिव्हची पुस्तकं संपत आली, मिस मार्पलची कधीच झाली. अगाथा ख्रिस्तीच्या तोडीचं कुणी असेल तर नावं टाका. शेवटी "अरे, हे तर समोरच होतं की!" असं व्हायला हवं.

मामा: संपत आली म्हणजे राहिलंय काय?

सोनू: 'डम्ब विटनेस' आणि 'कार्ड्स ऑन द टेबल'.

मामा: मग आधी एक सांग. 'स्टाइल्स', 'अ‍ॅक्रॉइड', 'ब्लू ट्रेन', 'डेथ इन द क्लाउड्स' ही पोयरोची चारही पुस्तकं वाचलीस ना? 'डम्ब विटनेस'मध्ये (१९३७) पोयरो बोलता बोलता या चारांतल्या खुन्यांची नावं सरळ घेऊन टाकतो. 'कार्ड्स'मध्ये तर एका सुरीच्या निमित्ताने 'ओरिएंट एक्स्प्रेस'चं सगळं बिंग फुटतं. बाईंनी स्वतःच्याच पुस्तकांचा घात केलाय.

सोनू: पाचही झालीत.

वहिनी: सुटलास! मामा, याला 'ग्रीन फॉर डेंजर' सांगा ना.

मामा: तेच सांगणार होतो. क्रिस्टियाना ब्रँड, १९४४. युद्धकाळातलं लष्करी हॉस्पिटल. पहिल्याच प्रकरणात एक पोस्टमन सायकल ढकलत चढ चढतोय, पिशवीत सात पत्रं. लिहिणारे सातही जण त्या हॉस्पिटलात कामाला येणार आहेत, आणि त्यातला एक जण खुनी ठरणार हे लेखिका तिथेच सांगून मोकळी होते. बळी कोण, तर हाच पोस्टमन. ऑपरेशन टेबलवर, भूल देताना, सगळ्यांच्या देखत. संशयित मोजून दिलेले, बाहेरचा कुणी येणार नाही. ख्रिस्तीच्या वाचकाला याहून जवळचं काही नाही. फक्त सातही नावं आणि कोण डॉक्टर, कोण नर्स हे कागदावर टिपून ठेव. सुरुवातीला तिथेच घोळ होतो आणि लोक पुस्तक खाली ठेवतात.

आत्या: जपानी कुणीच कसं सांगत नाही?

वहिनी: सांगते आत्या. ख्रिस्तीचं 'अँड देन देअर वेअर नन' आवडलं असेल तर युकितो आयात्सुजीचं 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स' (१९८७). बेट, दशकोनी घर आणि कॉलेजच्या रहस्यकथा क्लबातली सात मुलं. ती एकमेकांना एलरी, कार, अगाथा अशा रहस्यकथा लेखकांच्या नावांनी हाका मारतात, त्यामुळे जपानी नावांत अडकायला होत नाही. कथा कधी बेटावर, कधी किनाऱ्यावर. सगळी उकल एका छोट्याशा वाक्यात आहे, म्हणून शेवटची पानं चुकूनही चाळायची नाहीत.

आत्या: आणि सोजी शिमादाचं 'द टोकियो झोडियाक मर्डर्स' (१९८१). लेखक मध्येच दोनदा थांबून वाचकाला आव्हान देतो: पुरावे सगळे तुझ्यासमोर आहेत, सोडव. पण सुरुवातीचं चित्रकाराचं टिपण राशी, ग्रह, धातू यांनी ठासून भरलंय, तिथे बरेच जण हात टेकतात. ते पाठ करायचं नाही, वाचून पुढे जायचं. आकृत्या मात्र नीट बघ. मृतदेहांची चिरफाड आहे, रात्री जेवताना नको.

सोनू: 'डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' कसं आहे?

वहिनी: जपानी लेखक हिगाशिनोचं, २००५ चं. खून कुणी केला ते पहिल्याच प्रकरणात दिसतं. गणिताचा शिक्षक लपवायला मदत करतो, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक शोधायला. खुनी माहीत असूनही वाचक फसतो, ही त्याची कमाल.

आत्या: त्यात फक्त एका गोष्टीकडे लक्ष ठेव म्हणजे

आत्या: हा मेसेज हटवण्यात आला

मामा: ताई, वेळेत हटवलंत 😄

सोनू: 'अ‍ॅक्रॉइड'सारखं काही आहे का?

मामा: हे विचारायचंच नाही, आणि कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. "अमुकसारखं आहे" म्हटलं की तू पहिल्या पानापासून तेच हुडकत बसणार, मग त्या पुस्तकात उरलं काय? मांडणी जुळणारी सांगावी, शेवट जुळणारा कधीच नाही. बेट हवं, बंद खोली हवी, गाव हवं, असं विचार.

सोनू: बरं, गाव हवं.

वहिनी: अँथनी हॉरोविट्झ, 'मॅगपाय मर्डर्स' (२०१६). पुस्तकात पुस्तक. आतली कथा १९५० च्या दशकातल्या इंग्लिश खेड्यातली, थेट ख्रिस्तीच्या वळणाची. तिचा शेवटच गायब होतो. ई-बुक असेल तर फाइल खराब आहे समजून पुन्हा डाउनलोड करू नकोस, ते तसंच आहे.

मामा: बंद खोलीसाठी जॉन डिक्सन कार, 'द हॉलो मॅन' (१९३५). अमेरिकन आवृत्तीचं नाव 'द थ्री कॉफिन्स', पुस्तक एकच, दोन्ही घेऊन बसू नकोस. १७व्या प्रकरणात कारचा डिटेक्टिव्ह डॉ. फेल गोष्ट बाजूला ठेवून बंद खोलीत खून किती तऱ्हांनी होऊ शकतो यावर व्याख्यानच झोडतो. कंटाळा आला तरी ते गाळू नकोस.

आत्या: डोरोथी सेयर्सची रहस्यकथा नको का कुणाला?

मामा: हवी, पण 'फाइव्ह रेड हेरिंग्ज'पासून नको. रेल्वेच्या वेळापत्रकांनी जीव जातो. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) घे. न्यायाधीश ज्युरीला खटला समजावून सांगतोय तिथूनच सुरू होतं, म्हणजे सगळी माहिती एका जागी आयती मिळते.

सोनू: मग क्रम?

मामा: ब्रँड, डेकॅगॉन, मॅगपाय. मग कार. झोडियाक सगळ्यात शेवटी.

वहिनी: आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नकोस. जुन्या पुस्तकांना नंतर जोडलेली प्रस्तावनाही शेवटी वाच, त्यात बिनदिक्कत खुनी सांगितलेला असतो.

आत्या: ग्रुपवर "कळला!" एवढंच टाक हं, नाव नको. दादाचं 'मॅगपाय' अर्ध्यावर आहे.