घरच्या इंटरनेटसाठी केबल, फायबर की फाइव्हजी? ३०० सोडून १०० का घ्यायचं?

निशाचर: घरून काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल. संध्याकाळी मुलगा गेम खेळतो. टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल आता पुरत नाही. केबलवाला आणि फाइव्हजीवाला दोघेही ३०० एमबीपीएस म्हणतात, फायबरवाला १००. मग फायबर कशासाठी?

लाइनवाला: घरोघरी लाइन जोडणं हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा. तुमचा चेहरा समोरच्याला दिसतो तो अपलोडवर, आणि केबलवर तो डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे. शिवाय केबलची एक लाइन अख्खी वस्ती वाटून घेते, त्यामुळे रात्री नऊला सगळे बसले की रखडलीच.

फायबर फक्त तुमचं एकट्याचं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर वाटायच्या नेहमीच्या पद्धतीत, एका फायबरचे २.५ गीगाबिट (साधारण २,५०० एमबीपीएस) ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग खेचत नाहीत, म्हणून ते सहसा जाणवत नाही.

डीएसएलचं दुखणं अंतराचं. तांब्याच्या तारेत सिग्नल वाटेतच क्षीण होतो, आणि जॉइंटमध्ये पाणी गेलं की संपलंच.

पिंगवेडा: गेमला १०० सुद्धा लागत नाहीत हो! पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, स्थिर हवा. फाइव्हजीवर ५०० एमबीपीएस दिसतात आणि ऐन लढाईत पिंग उसळतो. भाड्याचं घर असेल, तार ओढू देत नसतील, तर मात्र फाइव्हजी उत्तम. राउटर खिडकीत ठेवा.

माळरान: आमच्याकडे तारच पोहोचत नाही, उपग्रहावर भागवतो. जुने भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर, त्यामुळे बोलणं अर्धा सेकंद मागे पडायचं. आताचे साधारण ५५० किमीवरून फिरतात, कॉल नीट होतात. डिशसमोर झाड नको, एवढंच.

निशाचर: केबलवाल्याला अपलोड विचारला. म्हणाला, "ते कशाला हवंय तुम्हाला?"

लाइनवाला: मग झालं की! फायबर घ्या. फक्त तार कपाटामागे करकचून वाकवू नका, वाकली की आतल्या काचेच्या तंतूतून प्रकाश गळतो. ओएनटी (फायबर घरात जिथे जोडतात ती डबी) आणि राउटर दोघांना मिळून छोटा यूपीएस लावा. वीज गेली तरी कॉल चालू राहील. आणि वेग तपासायचा तो लॅपटॉपला लॅनची तार लावून. वायफायवर मोजून मला शिव्या घालणारे रोज भेटतात.