‘शाळा म्हणजे जत्रा नव्हे’ म्हणणाऱ्या गुरुजींना

खडूफळा
कालपासून एक मजकूर फिरतोय. कुणा निवृत्त गुरुजींचा म्हणे. सार असं: हल्ली खेळातून शिकवायचं म्हणून मास्तर वर्गात नाचतो, पोरं टाळ्या पिटतात, घंटा होते आणि संध्याकाळी पोराला तेराचा पाढा येत नाही. शेवटी ‘शाळा म्हणजे जत्रा नव्हे’. आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर तिघांनी तो टाकला आणि खाली नोकरीत असलेल्या शिक्षकांनीच अंगठे दिले, म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. पट 23. दुसरीला हातच्याची वजाबाकी घ्यायची तर मी दुकान मांडतो. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि काही सुट्या. गिऱ्हाइकाकडे 32 काड्या, वस्तूची किंमत 7, हातात सुट्या दोनच. गिऱ्हाईक अडलं की मागून कुणीतरी ओरडतंच, ‘‘गठ्ठा सोड की!’’ झाली वजाबाकी. त्याआधी तीन वर्षं मी फळ्यावर ‘शेजारून एक उसना घे’ शिकवलं. पोरं उसना घ्यायची, उत्तरं बरोबर यायची, पण घेतला एक आणि इकडे दहा कसे झाले, हे एकालाही सांगता यायचं नाही. (डी.एड. होईपर्यंत मलाही कुणी विचारलं नव्हतं.)

यात नाच कुठे दिसला? आणि हे परदेशी थेर म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, 1957 ला तिथल्याच कोसबाडला. पोरं गुरांमागे जातात म्हणून त्यांनी आणि सहकारी अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, खडे घेऊन मोजायला शिकवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम आज तेच सांगतंय, कृतीतून शिकवा. आणि छडीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांनी त्याच कायद्याचं, शारीरिक शिक्षेला बंदी घालणारं 17 वं कलम वाचावं.

गुरुजी_नाशिककर
तो मजकूर माझा नाही, पण खाली सही करायला मी तयार आहे. 34 वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. पोरं तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे) म्हणायची. शाळा सुटताना रांगेत उभं राहून, ओरडून. तालावर म्हणायची, तेव्हा तोही खेळच म्हणा की! त्यांतला एक आज कांद्याचा व्यापारी आहे, अडीच रुपयाचा हिशेब कागद न घेता करतो.

तुमच्या आनंददायी शिक्षणाचं फळ? मुलांना वाचता-मोजता येतं का हे घरोघर तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा 2022 चा अहवाल बघा. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या 42.8 टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. वाजवा टाळ्या.

जोडवर्ग
गुरुजी, 2022 च्या आधी दोन वर्षं शाळा बंद होत्या. करोना नावाचं काही आलं होतं, नाशिकला पोचलं नव्हतं का? 2018 ला हाच आकडा पन्नासच्या आसपास होता.

गुरुजी_नाशिककर
म्हणजे करोना नसताना निम्म्यांना येत नव्हतं. आभारी आहे.

पेठेतली आई
मला दोन्ही बाजूंचा राग आलाय. माझी मुलगी शहरातल्या एका खासगी शाळेत सीनियर केजीत. तिथे ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे काय ते सांगते. रात्री साडेनऊला निरोप येतो: उद्या यलो डे, पिवळे कपडे आणि पिवळा खाऊ. गेल्या महिन्यात ‘उद्या भाजी बनून यावे’. भाड्याच्या दुकानात फक्त वांगं उरलं होतं, साडेतीनशे रुपये. मुलगी वांगं होऊन गेली, दोन वाक्यं म्हणाली, फोटो निघाले. वांग्याबद्दल नवं काय कळलं तर ते अंगाला चावतं. ॲक्टिव्हिटी फी वेगळी भरतोच. हा खेळ कोणाचा आणि खेळतंय कोण?

खडूफळा
ताई, वांगं भाजीवाल्याकडे दहा रुपयाला मिळतं. वर्गात कापायचं, बिया मोजायच्या. तुमच्या शाळेत चाललंय ते प्रदर्शन. त्याला माझ्या काड्यांच्या पंगतीला बसवू नका.

पेठेतली आई
मी नाही बसवलं, शाळेच्या माहितीपत्रकात बसवलंय. ‘खेळातून शिक्षण’ हेच शब्द आहेत, चकचकीत कागदावर.

गुरुजी_नाशिककर
बाईंचा मुद्दा सरकारी शाळांनाही लागू आहे. 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या प्रत्येक मूल शिकवण्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि आम्ही गाड्या भरभरून साताऱ्याला कुमठे बीट (म्हणजे तिथल्या शाळांचा गट) बघायला गेलो. खोटं बोलणार नाही, तिथलं काम चांगलं होतं. मुलं जमिनीवर गटात बसून आपापलं काही करत होती, कोणी पाहुण्यांकडे बघतही नव्हतं. परत आल्यावर आमच्याकडे काय झालं? सगळ्यांनी फरशा रंगवल्या. चक्र, आकडे, मुळाक्षरं, ऑइलपेंटात. आणि मग मुलांना त्या फरशीवर बसायला मनाई, कारण साहेब भेट देणार आणि रंग जाईल!

जोडवर्ग
हे मात्र खरं आहे. आमच्याकडे वर्गणी काढून रंगवल्या होत्या, आणि वर्गणी कोणाची हे सांगायला नको.

तिरकस
झेडपीच्या मास्तरांनी खेळातून शिक्षणाची महती सांगायची आणि स्वतःची पोरं तालुक्याला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवायची. धागाकर्त्यांनी आधी स्वतःचं सांगावं.

खडूफळा
माझा मुलगा चौथीत आहे. माझ्याच शाळेत. बाईंच्या वर्गात. काल खिचडी त्यानंच वाढली. मिळालं उत्तर?

आता तुम्ही सांगा. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. या आठवड्यात मी यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरलं, आधार जुळवले, तांदळाचा हिशेब लावला आणि एका उपक्रमाचे पाच फोटो लिंकवर चढवले. तो उपक्रम फोटोंसाठीच झाला, हेही कबूल करतो. घ्या, वापरा माझ्याविरुद्ध. पण टोमणा मारायचा तर एक दिवस दोन इयत्तांचा जोडवर्ग सांभाळून मग मारा.

तिरकस
बरं बाबा, चुकलं. शंभरात एक निघाले तुम्ही. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय?

गुरुजी_नाशिककर
नव्व्याण्णव नव्हे हो, ‘नव्वद नऊ’ म्हणा. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात तेच केलं होतं ना? ‘एकवीस’ जड जातं म्हणून ‘वीस एक’. मुलाला त्रास नको, सगळं सोपं, सगळं गंमतीत. भाषा गेली तरी चालेल.

सीमेवरचा
गुरुजी, इथे अडलात. मी बेळगावचा. आमच्याकडे बाजारात पोरगं कन्नडमधून ‘इप्पत्तोंदु’ म्हणतं, म्हणजे वीस-एक. आधी दशक, मग एकक, लिहितो त्याच क्रमानं. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, म्हणून पोरगं 36 लिहून मोकळं. माझ्या धाकट्यानं वर्षभर हेच केलं, मारही खाल्ला.

गुरुजी_नाशिककर
आमच्या 34 वर्षांत कोणी 36 लिहिलं नाही.

जोडवर्ग
लिहिलं असणार. तुम्ही छडी दाखवल्यावर खोडलं असणार.

श्टुटगार्टहून
दोघांनाही सांगते, जर्मनही आपल्यासारखेच उलटे आहेत. एकवीसला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात. माझी मुलगी इथे पहिलीत आहे, तीही आकडे उलटे लिहिते आणि बाई शांतपणे मण्यांची पट्टी पुढे करतात. म्हणून काही त्यांनी भाषा बदलायला घेतली नाही. मी घरी मराठी आकडे शिकवते, एकोणतीसला मात्र दोघी रडतो.

सीमेवरचा
एकोणतीस म्हणजे एक-कमी-तीस, हे तिला सांगितलंत का? आमच्या शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरी लागल्यावर संस्कृतच्या एका प्राध्यापकांकडून कळलं.

पेठेतली आई
मलाही आत्ता कळलं. वय विचारू नका.

गुरुजी_नाशिककर
म्हणजे शब्दांत अर्थ आहे! ‘वीस नऊ’ करून तुम्ही तो फेकून देणार. शिवाय बाजारात म्हातारी ‘त्रेसष्ट रुपये’ म्हणणार आणि पोरगं तोंडाकडे बघत बसणार.

खडूफळा
जुनी नावं कोणी फेकली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच सांगत होत्या, की नवी वाचनपद्धत जोडीला आहे. पण ऐकायला कोण थांबलं? विधानसभेतसुद्धा त्यावर विनोद झाले. मी दोन्ही वापरतो. आधी मण्यांच्या माळेवर ‘साठ आणि तीन’, मग ‘यालाच त्रेसष्ट म्हणतात’. पंधरा दिवसांत पोरं ‘साठ आणि तीन’ आपणहून सोडतात, कारण त्रेसष्ट म्हणायला वेळ कमी लागतो.

आणि गुरुजी, पाढे मीही पाठ करून घेतो. तुमच्यासारखेच, ओरडून. फक्त त्याआधी सातचा पाढा एकदा चिंचोक्यांनी मांडून घेतो.

गुरुजी_नाशिककर
हे आधी सांगायचं होतंत. पहिल्या लेखात पाढ्यांची नुसती थट्टा आहे.

खडूफळा
पाढ्यांची नाही, जत्रेची होती.

तिरकस
दोघं एकच म्हणताय. दीडशे प्रतिसादांनंतर कळणार, तोवर चालू द्या.

गुरुजी_नाशिककर
अजिबात एक नाही. मी आधी पाठ म्हणतो, हे आधी मांड म्हणतात. माझ्या वर्गात 52 पोरं होती. 52 जणांना चिंचोके वाटायचे, मोजायचे, परत गोळा करायचे, आणि दोघांनी तोपर्यंत नाकात घातलेले. तेवीसच्या पटावर तत्त्वज्ञान सोपं असतं.

खडूफळा
52 चं मान्य. तिथे माझीही जत्राच झाली असती.

गुरुजी_नाशिककर
ती माळ शंभर मण्यांची ना? दर दहाला रंग बदलायचा? नातू दुसरीत आहे, त्याच्यासाठी विचारतोय. या धाग्याशी संबंध नाही.

खडूफळा
हो. दोनच रंग, दहा लाल, दहा पांढरे, आलटून पालटून. दोरा जाड घ्या, पोरं ओढतात.

श्टुटगार्टहून
पण एकोणतीस, एकोणचाळीस सगळे ‘एकोण’ आणि नव्व्याण्णव मात्र नाही, हे कसं? एकोणशंभर का नाही?

सीमेवरचा
त्याला वेगळा धागा काढा. यात गुरुजी उठतील परत.

गुरुजी_नाशिककर
उठलोच आहे. सांगतो.