क्लबहाऊसमधला स्पीकर आणि मुलांची इंग्रजी गाणी

बी-२०३ (काका): सेक्रेटरीसाहेब, क्लबहाऊसमधला स्पीकर पुन्हा सुरू झालाय. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं? ते हेड-शोल्डर्सचं गाणं आज सलग नऊ वेळा. खालच्या मजल्यावर फोनवर बोलणं अशक्य. आवाज कमी करा.

सी-५०१: काका, त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण मुलं ३ ते ६ वर्षांची आहेत. गाण्यातून इंग्रजीची भीती जाते, म्हणून चालू केलंय.

बी-२०३ (काका): गाण्याला विरोध नाही. आवाज कमी करा.

डी-३०२: मुळात उपयोग होतोय का? पूर्ण गाणं घडाघडा म्हणतात, पण 'व्हेअर इज युवर नोज' विचारलं की मुलं गप्प.

ए-१०४ (बाई): कारण शब्द आलेला नसतो, क्रम पाठ झालेला असतो. गाणं संपल्या संपल्या उलटसुलट विचारा: टच युवर टोज, टच युवर इअर्स, टच युवर हेड. चालीशिवाय हात बरोबर जागी गेला तर शब्द आला समजा.

आणि काकांचं म्हणणं बरोबर आहे, स्पीकर बंदच करा. रेकॉर्डचा वेग लहान मुलांना झेपत नाही. 'नीज अँड टोज' हा त्यांना 'नीजंटोज' असा एकच शब्द ऐकू येतो आणि तसाच पक्का होतो. मोठ्यांनी तोंडाने, निम्म्या वेगाने गावं. पहिले दोन दिवस चारच शब्द घ्या: हेड, शोल्डर्स, नीज, टोज. तिसऱ्या दिवशी 'हेड' म्हणायचं नाही, फक्त डोक्याला हात लावायचा. मग 'शोल्डर्स'ही गाळायचं. त्या शांत जागेत मूल शब्द मनात म्हणतं. वेग वाढवायचा तो सगळ्यात शेवटी.

सी-५०१: बाई, हे माहीत नव्हतं. आम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण गाणं लावलं होतं.

ए-६०१: एबीसीच्या गाण्याचं पण बघा. शेवटी 'झी' म्हणतात. आपल्या शाळांत 'झेड' आहे.

सी-३०३: व्हिडिओ अमेरिकन असतील तर झीच येणार. त्यात काय बिघडलं?

ए-६०१: शाळेत बाई झेड म्हणतात आणि मूल गोंधळतं, ते बिघडलं. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत 'काय बिघडलं' असतं. जिन्यातल्या सायकलीचंही तेच.

सी-३०३: सायकल इथे कुठून आली?

ए-१०४ (बाई): दोन्ही नावं एकाच अक्षराची, एवढं मुलांना सांगितलं तर पुरतं. खरी अडचण 'एलेमेनोपी'ची आहे. तिथे एल, एम, एन, ओ ही चार अक्षरं दुप्पट वेगाने येऊन 'पी'ला चिकटतात, म्हणून मुलांना तो एक शब्द वाटतो. प्रत्येक अक्षराला एक टाळी द्या, चाल मोडली तरी चालेल. आणखी एक. ते गाणं फक्त अक्षरांची नावं शिकवतं, उच्चार नाही. 'एच'च्या नावात 'ह' कुठे आहे? त्यामुळे गाणं आलं म्हणजे वाचन आलं असं धरू नका. ट्विंकल आणि एबीसी एकाच फ्रेंच चालीवर आहेत, एका दिवशी दोन्ही घेतली तर मुलं एकातून दुसऱ्यात घुसतात.

बी-२०३ (काका): आवाज कमी करा.

डी-३०२: आणि ते 'रेन रेन गो अवे' तेवढं बंद करा. पाऊस लांबलाय, टँकर चालू आहेत, आणि पोरं पावसाला 'जा' म्हणतायत.

बी-४०४: टँकरचा विषय निघालाच आहे तर मागच्या महिन्याचा हिशेब ग्रुपवर टाका.

सेक्रेटरी: हिशेब नोटीस बोर्डवर लावलाय.

ए-१०४ (बाई): ते बंद करू नका, आपलं 'ये रे ये रे पावसा' शेजारी ठेवा. तिथे पाऊस नको, इथे हवा. 'गो अवे' आणि 'कम' मुलांना एका दिवसात कळतात.

सी-५०१: बसचं गाणं, 'व्हील्स ऑन द बस', घेऊ का?

ए-१०४ (बाई): जरूर घ्या. 'व्हील' आणि 'व्हॅन' मराठीत आपण एकाच 'व्ह'ने लिहितो, म्हणून उच्चारही एकच होतो. 'व्हील'ला ओठ गोल, शिट्टी वाजवताना करतो तसे. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर, ओठात थरथर जाणवली पाहिजे. आरसा द्या हातात. माकडांचं गाणं, 'फाइव्ह लिटल मंकीज', त्यानंतर. पाचावरून खाली येताना 'वन लिटल मंकीज' होतं. शेवटच्या माकडाला 'ज' नाही, तिथे थांबून एक बोट दाखवा.

सेक्रेटरी: ठरलं. स्पीकर स्टोअररूममध्ये जाईल. वर्ग ५ ते ५:३०, तोंडी.

बी-२०३ (काका): आभार. खिडक्याही बंद ठेवा.

सी-५०१: काका, जूनच्या उकाड्यात वीस मुलं आहेत आत.

बी-२०३ (काका): मग रस्त्याकडच्या उघड्या ठेवा, आमच्या बाजूच्या बंद.

बी-४०४: बोर्डवर हिशेब नाहीये. आत्ता खाली जाऊन पाहिलं.