आजीच्या महिन्याच्या मिस्साला दोन शब्द बोलायचेत, काय बोलू?

जेलरोडचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. माझी आजी मागच्या महिन्यात गेली, ऐंशी पार केली होती तिने, त्रास फार काढला नाही, फादर येऊन तैलाभ्यंग (आजारी माणसाला तेल लावून करतात ती प्रार्थना) करून गेले होते, तेवढं समाधान आहे. आता महिन्याची मिस्सा (तिच्यासाठी चर्चमधला प्रार्थनाविधी) आहे आणि घरात सगळ्यांनी ठरवलंय की मोठा नातू म्हणून मी बोलायचं. कागद घेऊन बसलो की एकच लिहितो, ती फार धार्मिक होती, प्रेमळ होती, सगळ्यांचं करायची. हे तर कुणाच्याही आजीबद्दल बोलता येईल ना. काकूच्या माहेरची माणसंही येणारेत, ती हिंदू आहेत, त्यांनाही कळलं पाहिजे. किती वेळ बोलायचं, कधी बोलायचं, काय बोलायचं, कुणी केलं असेल तर सांगा.

संगमनेरकर:
आधी फादरना विचार. दफनाच्या मिस्साला तर नियमच आहे की प्रवचनाच्या जागी गेलेल्या माणसाचं स्तुतिपर भाषण नको, प्रवचन बायबलच्या वचनावरच असायला पाहिजे. महिन्याच्या मिस्साला बहुतेक ठिकाणी कम्युनियननंतरची (पवित्र भाकर वाटल्यानंतरची) प्रार्थना झाली की आशीर्वादाच्या आधी घरच्या एकाला बोलू देतात. तीन-चार मिनिटं बास, लोकांना नंतर स्मशानभूमीत कबरीवर जायचं असतं आणि नाशिकरोडचं ऊन तुला माहितीये.
आणि एक, थोडं कडू वाटेल. तिला संत करून टाकू नकोस. आपण मिस्सा करतो ते तिच्यासाठी प्रार्थना करायला. ती स्वर्गात बसलीच आहे असं जाहीर केलं तर मग दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या कशाला लावतो आपण?

मेणबत्ती_मावशी:
संगमनेरकर बरोबर बोलतायत पण पोराची आजी गेलीये हो, जरा सांभाळून.
बाळा, धार्मिक होती हे लिहूच नको, काय करायची ते लिही. जपमाळ कधी म्हणायची, कुठे बसायची, कुणावर चिडायची. माझ्या सासूबाईंच्या वेळी दिराने नुसतं एवढंच सांगितलं की उपवासकाळातल्या शुक्रवारी आई बोंबील बाजूला ठेवून वरणभात करायची आणि वर म्हणायची की मासे चालतात तरी पण मला ते आवडतात म्हणून नको, अख्खं चर्च हसलं आणि रडलं पण.
काकूच्या माहेरच्यांना आधीच सांगून ठेव की कम्युनियन फक्त कॅथलिक घेतात, त्यांनी जागेवर बसलं तरी चालतं, नाहीतर बिचारे रांगेत उभे राहतात आणि मग सगळ्यांनाच अवघड होतं.

जेलरोडचा_पोरगा:
मावशी थँक्यू, हे लिहिता लिहिताच आठवलं. रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) वाराप्रमाणे येशूच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्ये म्हणतात, गुरुवारी प्रकाशाची रहस्ये असतात ना, ती २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नवीन दिली. आजीने ती कधी घेतलीच नाहीत, गुरुवारी जुन्या पद्धतीने आनंदाचीच म्हणायची. सिस्टरांनी छापील कागद आणून दिला तर म्हणाली, पोपसाहेबांचं बरोबरच असेल, पण माझी बोटं आता नवीन शिकत नाहीत. तो कागद तिने डब्याखाली अंथरला!!
आजोबा प्रेसमध्ये होते (नोटांच्या), शिफ्ट बदलली की घरातली रोझरीची वेळ पण बदलायची, रात्रपाळी असली तर ते निघायच्या आधी संध्याकाळीच. आजोबा लितानीला (शेवटच्या नामावळीच्या प्रार्थनेला) हमखास झोपायचे पण झोपेतसुद्धा "आमच्यासाठी विनंती कर" बरोबर जागेवर म्हणायचे.

द्राक्षबाग_निफाड:
मी ख्रिश्चन नाही पण लहानपण नाशिकरोडला गेलं म्हणून लिहितो. आमच्या शेजारी अशाच एक आजी होत्या, नऊवारी, कुंकू नाही आणि गळ्यात क्रूस. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा आली की गोवा, वसई, मुंबईहून एवढी माणसं यायची, आणि त्या ओळख ना पाळख अशा बायकांना ओट्यावर झोपायला द्यायच्या, सकाळी चहा. माझी आई नवस करायला त्यांच्याबरोबरच जायची. तुझ्या आजीचं असं शेजारपाजारचं काही असेल तर ते सांग, काकूच्या माहेरच्यांना ते लगेच कळेल.

संगमनेरकर:
अजून एक. सगळं आई आणि आजी म्हणूनच चाललंय. ती आधी कुणाची तरी बायको होती की. आजोबांना विचारलंस का?

जेलरोडचा_पोरगा:
विचारलं. आधी काही बोलेनात, मग सुरू झाले ते थांबेनात. आजीचं माहेर हरेगावकडचं, तिचे वडील साखर कारखान्यात होते, लग्न ठरायच्या आधी आजोबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेत, आणि ती गर्दीत कुणाशी तरी भांडत होती म्हणे. लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, तिला ती उत्तरं पाठ होती, अर्थ विचारला तर म्हणायची देवाला कळतंय ना. आणि घरात भांडण झालं की "मेआ कुल्पा, मेआ कुल्पा" (माझाच अपराध) म्हणत छाती बडवायची, फक्त स्वतःची नाही, आजोबांची!! हे सांगताना आजोबा इतके हसले, महिन्यात पहिल्यांदा.
आता हे चर्चमध्ये सांगू का? बाबा नको म्हणतायत.

मेणबत्ती_मावशी:
सांग. आजोबांना विचारून घे, बाबांना नको विचारू. आणि कागद मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, रडू आलं की बारीक अक्षर दिसत नाही.