मदत हवी आहे: औंध संस्थानातल्या गावची जुनी जन्मनोंद कुठे मिळेल?

आमचे तात्या (आजोबा) गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढून भावकीत आणि गावात वाटायची आहे. मजकूर जवळपास तयार आहे: ७२ च्या दुष्काळात खडी फोडली ते दिवस, मग गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परमुलखात काढलेली वर्षं, परत येऊन लावलेली डाळिंबं. सोसायटीच्या पासबुकात मागच्या पानांवर त्यांनी प्रत्येक बैलाची किंमत आणि रंग लिहून ठेवलाय, तेही छापणार आहोत.

अडलंय ते जन्मसालावर. शाळेच्या रजिस्टरला १ जून १९३४ आहे, म्हणजे गुरुजींनी टाकलेली तारीख! थोरली आत्या ठामपणे दोन वर्षं आधीचं सांगते. ग्रामपंचायतीत अलीकडच्याच वह्या आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यू नोंदवही) मागितला, तर १९४८ नंतरचाच दाखवला.

गाव आटपाडी तालुक्यातलं, म्हणजे तेव्हा औंध संस्थानात. १९४८ ला विलीनीकरण झालं, जिल्हा आधी दक्षिण सातारा, मग सांगली. या बदलात दप्तर कुठे गेलं हे कुणी सांगेना.

मोडी वाचणारे ओळखीचे आहेत, ती अडचण नाही. दाखला वगैरे काढायचा नाही, नुसती नोंद बघायचीय. मी पुण्यात असतो, रजा मोजकीच, त्यामुळे एकाच ठिकाणी नेमकं जायचंय.

संस्थानी काळातली आटपाडीकडची जन्मनोंद कुणाला प्रत्यक्ष सापडली आहे का? कुठे सापडली, साताऱ्यात, सांगलीत की कोल्हापूरच्या पुरालेखागारात? आणि अर्जात दप्तराचं नाव काय लिहिलंत?