मदत हवी आहे: वाचन होतं, उत्तरलेखन रोज उद्यावर जातं

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणून रोज निदान एक उत्तर लिहायचं ठरवलंय. नोकरी ९ ते ६, घरी पोचायला साडेसात. वाचन नियमित होतं. वही उघडली की मात्र ‘आधी अजून एकदा वाचून घेऊ’ म्हणत पेन खाली. कालही वर प्रश्न लिहिला आणि खाली पान कोरंच.

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत तीन आठवडे पाळली. वाचनाला फायदा झाला, लेखनाला नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते, त्यामुळे अडचण ती नाही. पहाटे उठणं तब्येतीमुळे जमत नाही, क्लास परवडत नाही.

नोकरी सांभाळून ज्यांनी ही सवय लावली, त्यांनी सुरुवातीचे पंधरा दिवस रोज नेमकं किती लिहिलं, आणि पुस्तक उघडं ठेवून की मिटून?